धुऱ्याची झडती

मी आर्णीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पुस्तकात ‘कंप्लेंट’ हा शब्द आला की पोरं अर्थ विचारतात. डिक्शनरीत तो अगदी गरीब आहे: नाराजी सांगणे, गाऱ्हाणे मांडणे. मला मात्र तेवढं सांगून पुढे सरकता येत नाही. याच गरीब शब्दानं मी माझ्या बापाचा जबडा मोडला आहे.

आमचं वावर आणि मोठ्या बाबांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं, वावर एकमेकांना लागून. मध्ये धुरा, हातभर रुंदीचा बांध. दर नांगरटीला मोठे बाबा नांगराची एक ओळ धुऱ्यात घालायचे, आणि बांध तेवढा आमच्याकडे सरकायचा. बाबा वर्षभर चकार शब्द काढायचे नाहीत. ते पोळ्याची वाट पाहायचे. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की आमच्याकडे झडत्या म्हणतात. ज्याच्यावर राग असेल त्याला चारचौघांत गाण्यातून सोलून काढायचं, आणि त्यानं हसून घ्यायचं. जमलं तर उलट झडती द्यायची. त्या दिवशी जो चिडला, त्याची वर्षभर टिंगल. बाबांसारखा झडती म्हणणारा गावात दुसरा नव्हता.

“धुरा खाल्ला, बांध खाल्ला,
तरी भाऊ उपाशी राह्यला,
पुढच्या साली वावर खाईल,
मंग माह्या ताटात येईल!”

“हर हर महादेव!” गाव गरजायचं. मोठे बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. पुढच्या उन्हाळ्यात नांगर पुन्हा धुऱ्यात.

मला या प्रकाराची चीड यायची. चोराला गाणी कसली ऐकवता? मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि अंगात कायदा संचारला होता. एका उन्हाळ्यात वावरात गेले तर मोठे बाबा नांगरत होते आणि त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बांध खणत होता. मी बोलले, त्यानं फावडं उगारलं. मारलं नाही, नुसतं उगारलं. बाबांना न सांगता मी ठाण्यात गेले आणि दोघांची नावं घालून दोन पानी कंप्लेंट दिली.

“मॅडम, घरातलं हाये, घरातच पाहून घ्या न,” जमादार म्हणाला.

“लिहून घ्या,” मी म्हटलं.

चुलतभाऊ पोलीस भरतीच्या मागे होता. तीन वर्षं रोज डांबरी रस्त्यावर धावला होता. मैदानी चाचणी पार पडली, लेखी पार पडली, आणि चारित्र्य पडताळणीत माझी दोन पानं निघाली. तो बाद झाला. असं होईल हे मला कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस सांगत आले. खोटं आहे ते. त्याचं नाव लिहिताना माझा हात अडला होता, आणि मी तो रेटला.

त्या पोळ्याला बाबांनी “धुरा खाल्ला” म्हणायला तोंड उघडलं आणि चुलतभाऊ गर्दी फाडत आला. हातात बंडीची, म्हणजे बैलगाडीची, उभारी, मनगटाएवढं लाकूड.

“काका, ठान्यात कागद बी देता अन् वरून गानं बी म्हनता?”

पहिला फटका तोंडावर बसला. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसं हाड वाजलं. दात मातीत, रक्त बैलाच्या झुलीवर. दुसरा फटका खांद्यावर. बैल उधळले, तोरण खाली आलं. मी त्याच्या अंगावर झेपावले आणि दंडाला कडकडून चावले, रक्ताची चव लागली तरी सोडलं नाही. “माह्यी भरती खाल्ली तुवं!” तो ओरडत होता. ओरडत रडत होता. तिसरा फटका मोठ्या बाबांनी आपल्या हातावर झेलला. हात मनगटातून लोंबला. मग त्यांनी त्याच पोराला मातीत पाडून लाथांनी तुडवलं.

यवतमाळच्या दवाखान्यात बाबांचा जबडा तारांनी बांधला. पोलीस आले आणि म्हणाले, कंप्लेंट द्यायची का? बाबांनी कागद मागितला आणि लिहिलं: बैलाचं शिंग लागलं.

“खोटं काहून लिहिता?” मी किंचाळले. मला त्या घडीला बाबांचाही संताप आला होता.

पोलीस गेल्यावर त्यांनी माझ्यासाठी दुसऱ्या चिटोऱ्यावर लिहिलं: एक कागद पुरे झाला.

मी ठाण्यात जाऊन अर्ज मागे घेतला. पण भरती होऊन गेली होती. चुलतभाऊ नागपूरला कुठल्याशा गेटवर राखणीला लागला. बाबांचा जबडा वाकडा जुळला, बोलणं फक्त आईला समजायचं.

पुढच्या पोळ्याला तोरणाखाली कोणीच झडती काढेना. बाबा बैलांची वेसण धरून खाली पाहत होते. तेव्हा मोठे बाबा पुढे आले, वाकडा हात पोटाशी धरून. भावाकडे तोंड करून त्यांनी बाबांचीच झडती म्हटली, स्वतःवरची, चारही ओळी. शेवटी आवाज फाटला. महादेव म्हणावं की नाही, कोणालाच कळेना.

“अअ अअ आदेव,” बाबांनी जीव खाऊन आरोळी दिली. लाळ हनुवटीवरून खाली आली.

मग अख्खं गाव गरजलं. माझा जबडा धडधाकट होता, पण तोंड उघडलं नाही.