दुखत नाही तोवर

फोन सकाळी बँकेत आला. माझ्या घरीही फोन आहे, पण पुतण्याला घाईत बँकेचाच नंबर आठवला. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो, समोरच्या माणसाचं पासबुक भरून दिलं आणि मग साहेबांना सांगायला गेलो. ते काम तसंच टाकून उठावं हे का सुचलं नाही, कोण जाणे... शकुंतला वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, झोपेतच गेल्या. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. निवृत्तीला अजून अवकाश होता. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

वहिनी सरकारी नर्स. पुसेगावकडच्या एका उपकेंद्रावर त्यांनी लसी टोचल्या, बाळंतपणं केली. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या आणि आसपासच्या गावांतल्या नर्सेसवर देखरेख करू लागल्या. मी त्यांच्या खात्यातला नाही. तेव्हा स्वतः पाहिलं आणि त्यांच्या तोंडून ऐकलं, तेवढंच लिहितो. जे आकडे मला ठाऊक नाहीत ते लिहीत नाही. कॅन्सरच्या तपासणीचं काम त्यांनी अंगावर घेतलं ते नेमकं कोणत्या साली, हेही आठवत नाही. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आगेमागे.

आमच्याकडे बायकांना मिसरीची सवय फार. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर घासायची. काही जणी चिमूटभर ओठाच्या आत ठेवून दिवसभर कामाला लागतात. केंद्रात तेव्हा एक तरुण डॉक्टर आले होते. तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका आपल्याकडे येतात तेव्हा उशीर झालेला असतो, ही गोष्ट त्यांना आणि वहिनींना सारखीच खुपत होती. दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. नर्सेसनी गावागावांत सांगायचं, बायकांनी बाजाराच्या दिवशी केंद्रात यायचं, डॉक्टरांनी तोंड बघायचं आणि ज्यांच्याबद्दल शंका वाटेल त्यांना तुकडा काढून तपासायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. हे सगळं एकमेकांना जोडून ठेवणं वहिनींकडे.

पहिल्या बाजाराला मी सुट्टीवर गावी होतो, म्हणून बघायला गेलो. ओसरीवर बायकांची गर्दी होती. डॉक्टर एकेकीच्या तोंडात टॉर्च मारत होते आणि कपाळाला आठ्या घालत होते. प्रत्येक तोंड काळंभोर! काही दिसेचना. वहिनींनी रांगेतल्या एकीला विचारलं, "काहून गं, आजच मिसरी लावून आलीस?"

"तुमीच निरोप धाडला ना बाई, तोंड साफ करून या म्हणून," ती म्हणाली. "चांगली दोनदा घासली."

"डॉक्टरसायबापुढं का पारोशा तोंडानं यावं व्हय?" मागून दुसरी.

डॉक्टर इतके हसले की त्यांना खुर्ची घ्यावी लागली. मग वहिनींनी सगळ्यांना हातपंपावर नेलं आणि गुळण्या करायला लावल्या. पंपाखालून काळं पाणी वाहत होतं आणि बायका एकमेकींना चिडवत होत्या, "तुझ्या तोंडातून तर अख्खा तवा निघून राहिला!" तो दिवस मला फार आनंदाचा म्हणून आठवतो. वाटलं, हे जमणार.

त्याच बाजाराला कौसाबाई सापडली. गुळण्या करून आल्यावर तिच्या खालच्या ओठाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. बोटाने पुसला तरी जाईना. लहानसा. वहिनी खूश झाल्या, असं लिहिलं तर कुणाला विचित्र वाटेल. पण त्या खूश झाल्या होत्या. हेच तर हवं होतं त्यांना. इतकं लवकर, इतकं लहान. काढून टाकलं की बाई मोकळी!

कौसाबाई एकदा शहरात गेलीही. वहिनींनी स्वतः नेलं. तुकडा काढणारे डॉक्टर रजेवर होते. पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात कापसाची वेचणी. मग थोरल्या लेकीचं लग्न. वहिनी तिच्या घरी जाऊन बसायच्या. नवरा विचारायचा, "दुखतं का गं?" ती म्हणायची, "न्हाई." "मंग?" असं म्हणून तो वहिनींकडे बघायचा. त्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, की न दुखणाऱ्या बाईला घेऊन एवढ्या लांब काहून जायचं. एकदा वहिनींनी फारच लावून धरलं, तेव्हा कौसाबाईने त्यांचा हात हातात घेतला. "बाई, तुमाला माझ्यापायी लई तकलीफ. आधी दुखू तर द्या. दुखलं की मीच येते तुमच्याकडं. शब्द देते."

दरम्यान डॉक्टरांची बदली झाली. त्यांच्या जागी बरेच दिवस कुणी आलंच नाही. बाजार भरायचा, बायका यायच्या, ओसरीवर बसायच्या, आणि वहिनी एकट्याच टॉर्च घेऊन बघायच्या. मी हिशेबी माणूस. भेटलो की विचारायचो, "वहिनी, आतापर्यंत किती सापडल्या?" त्या म्हणायच्या, "भाऊजी, सापडल्या त्याचं मी काय करू? पुढं घ्यायला कुणी पाहिजे ना."

दुसऱ्या वर्षी कौसाबाई आली. शब्द दिला होता, तो तिने पाळला. बरोबर नवरा, अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत भाकरी बांधून आणलेल्या. वहिनींनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. केंद्राच्या दारात उभी राहून कौसाबाई हसत म्हणाली, "चला बाई. आता दुखून राहिलं." हसताना तिचा ओठ एका बाजूला उचललाच जात नव्हता. भाकरी तिने नवऱ्यासाठी आणि वहिनींसाठी आणल्या होत्या. तिला स्वतःला चावता येत नव्हतं.

वहिनी त्याच दिवशी तिच्याबरोबर शहरात गेल्या. या खेपेला डॉक्टर होते. त्यांनी बघितलं आणि वहिनींना बाजूला बोलावलं... पुढचं लिहीत नाही. त्यानंतरही वहिनींनी बाजार चुकवला नाही. मी एकदा म्हणालो, "कशासाठी करता हे आता?" "बंद करून काय करू, ते सांगा," त्या म्हणाल्या.

गेल्या रविवारी गावी गेलो होतो. आमची आई थोरल्याकडेच असते. वय झालंय, पण तिची मिसरी काही सुटलेली नाही. घरातल्या नर्सबाईंनाही ती सोडवता आली नाही. अंगणात बाजेवर उन्हात बसली होती. मला पाहून तिने चूळ भरली, पदराने ओठ पुसले, आणि मान मागे टाकून तोंड उघडलं. मला काही समजेना. भाऊ आतून म्हणाला, "ती दर रविवारी बघायची. सासू-सुनेचं ठरलेलं होतं. ती गेल्यापासून आई मला म्हणते, पण माझी नजर पोचत न्हाई."

"आई, मला यातलं काय कळतं?"

"तू नुसतं बघ."

मी वाकलो. तिची हनुवटी धरून उन्हाकडे केली. आत कुठे तांबडं होतं, कुठे काळपट, आणि एका गालाला, अगदी मागे, काहीतरी पांढुरकं. ते पहिल्यापासूनचं की नवं, हे सांगणारं आता घरात कुणी नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिलो. मग जे तोंडात आलं ते विचारलं, "दुखतं का?"

तोंड तसंच उघडं ठेवून आईने मान हलवली. नाही.