आत्तींचं बिस्कीट

अरुणा मगदूम लग्न होऊन आमच्या शेजारी राहायला आली, तेव्हा शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत तीनच माणसं होती. ती, तिचा नवरा वर्धमान आणि सासू बाळाबाई, जिला ती आत्ती म्हणायची. वर्धमान शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला होता. माणूस अबोल, पण आईवर फार जीव. घर कडक जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत यायचा नाही, आणि पाणी गाळल्याशिवाय बाळाबाई चूळसुद्धा भरायच्या नाहीत.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात फाउंड्रीत क्रेनची साखळी तुटली आणि वितळलेल्या लोखंडाचं भांडं कलंडलं. वर्धमानला घरी आणलं ते गुंडाळूनच. आईला त्याचं तोंड दाखवू नका, असं कामगारांनी आधीच येऊन सांगितलं होतं.

महिन्याभरानं अरुणाचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. मूलबाळ नव्हतं, वय पंचविशीच्या आत. बाळाबाईंनी स्वतः तिची ट्रंक भरली. "जा बाई. तुझं वय न्हाय हितं बसायचं." अरुणानं ती ट्रंक उचलली आणि पुन्हा पलंगाखाली सारली. भाऊ दोन तास बसून समजूत घालत होता, शेवटी चहाही न घेता निघून गेला.

अरुणानं मग जैन घरांसाठी शेवया, सांडगे, चकल्या करायला सुरुवात केली. तिच्या हाताला चव होती आणि सोवळ्याबद्दल कुणाला शंका नव्हती. पोटापुरतं मिळू लागलं. पण बाळाबाईंचं जेवण सुटलं होतं. भाकरीचा तुकडा तोंडात घेतला की तो तसाच गालात राहायचा. खिमट झालं, खीर झाली, डाळीचं पाणी झालं. घास गळ्याशी आला की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि वाटी बाजूला सारायच्या. डॉक्टरांनी सलाइन लावलं, म्हणाले, "रोग काही नाही. खायला घाला, नाहीतर हातची जाईल."

त्याच दिवसांत वर्धमानबरोबर काम करणारे दोघं भेटायला आले. जाताना त्यांनी कागदात बांधलेला पुडा ठेवला. लांबट, सोनेरी, कडक तुकडे. बेकरीत केक टोस्ट म्हणून मिळतात ते. अरुणानं एक तुकडा दुधात बुडवून सासूच्या ओठाला लावला. तो जिभेवरच विरघळला. बाळाबाईंनी डोळे उघडले.

"काय गं ह्ये?"

"बिस्कीट हाय, आत्ती."

त्यांनी आणखी एक मागितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं होतं. अरुणा स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर दाबून रडली, मला अजून आठवतं.

तेव्हापासून सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी दुधात भिजवलेले ते तुकडे ठरून गेले. त्यावर बाळाबाई उठून बसल्या, मग चालायला लागल्या, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायला लागल्या. बाकी जेवण चिमणीएवढं. बस्तीतून आल्या की म्हणायच्या, "अरुणा, बिस्कीट दे गं माझं."

अरुणा तो माल कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणायची. एकदा दुकान बंद दिसलं म्हणून ती मागच्या दारानं भट्टीकडे गेली. बेकरीवाला जोतीराम परातीत पीठ फेटत होता आणि शेजारी अंड्यांचे ट्रे रचलेले होते.

"हे कशासाठी?" तिनं विचारलं.

"केकला, वैनी."

"आमच्या बिस्किटात न्हाय न्हवं हे?"

जोतीरामचा हात थांबला. "केक टोस्ट न्हेताय न्हवं तुमी? अवो, त्यो केकच की. केक करायचा, कापायचा, आन पुन्यांदा भट्टीत घालून वाळवायचा. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय. कुनाला घालताय?"

"सासूबाईंना."

"मग नगा न्हेऊ," तो म्हणाला. "पाप लागंल मला."

अरुणानं त्या दिवशी ग्लुकोजची बिस्किटं नेली. दुधात त्यांचा लगदा झाला, बाळाबाईंनी थुंकून टाकला. मग नानकटाई आणली, खारी आणली, रव्याचा केक घरी बिनअंड्याचा करून कुकरमध्ये भाजला, उन्हात वाळवला. तो दगडासारखा झाला. बाळाबाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायला लागल्या. आठवड्याभरात त्यांच्या हाताची बांगडी कोपरापर्यंत सरकली. घरात एकच मरण पुरेसं झालं होतं, असं अरुणा मला पुढं म्हणाली. ती बेकरीत गेली. जोतीरामनं तिच्याकडे पाहिलं आणि पुडा बांधून दिला.

तिनं स्वतः तो कधी चाखला नाही. त्यासाठी वेगळी वाटी, वेगळा चमचा ठेवला आणि ती भांडी ती स्वतःच घासायची. अष्टमी-चतुर्दशीला निर्जळी उपास धरू लागली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवऱ्यासाठी करते बिचारी.

एकदा बाळाबाईंनी सरळच विचारलं. शेजारचं कुणाचं तरी लेकरू तो तुकडा पाहून "केक, केक" करत नाचलं होतं.

"अरुणा, हे बिस्कीट हाय का केक?"

"बिस्कीट हाय की आत्ती," अरुणा म्हणाली. "केक मऊ असतोय. ह्ये कडक हाय बघा, वाजवून बघा." आणि तिनं तो तुकडा ताटलीवर आपटून दाखवला. मी तिथंच बसले होते. तिचा चेहरा पांढरा पडला होता, ते मला दिसलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

अशी आठ वर्षं गेली. दरम्यान पुड्यांवर हिरवे आणि तपकिरी ठिपके छापायला लागले. बस्तीत एका प्रवचनात सगळ्यांना बजावून सांगितलं, की बाहेरचं काहीही घेताना ठिपका बघा. हिरवा असला तरच घरात आणा. बाळाबाईंनी घरी येऊन अरुणाला तेच सांगितलं. अरुणा "व्हय" म्हणाली. जोतीरामही आता छापील पिशव्या वापरत होता. ती पिशवी अरुणा वाटेतच फाडून टाकायची आणि माल डब्यात ओतून घरी आणायची.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर बाळाबाईंची थोरली लेक रुकडीहून आली. तिला सगळे आक्काच म्हणायचे. अरुणा शेवयांची ऑर्डर पोचवायला गेली होती. आईला आवडतं म्हणून आक्का हौसेनं बेकरीत गेली आणि अरुणा काय नेते ते तिथल्या पोराला विचारून तेच दोन पुडे घेऊन आली. आईच्या मांडीवर ठेवले.

"ठिपका कुठला हाय बघ," बाळाबाई म्हणाल्या.

आक्कानं पिशवी उलटी केली. मग उजेडात धरून वरची अक्षरं वाचली. केक टोस्ट. मैदा, साखर, वनस्पती तूप, अंडी.

अरुणा परत आली तेव्हा दारात आक्काचा आवाज गल्लीभर घुमत होता. आम्ही तीन-चार जणी बाहेर आलो होतो. बाळाबाई मात्र पलंगावर ताठ बसल्या होत्या. त्यांनी हात वर करून लेकीला गप्प केलं.

"अरुणा, कधीपास्नं?"

"वर्धमान गेल्यापास्नं."

"तुला ठावं हुतं?"

नाही म्हणाली असती तर सगळं बेकरीवाल्यावर ढकलता आलं असतं. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं असतं.

"पयल्यांदा न्हवतं, आत्ती," अरुणा म्हणाली. "मग कळलं. तरीबी घातलं."

त्या दुपारीच आक्कानं आईला रुकडीला नेलं. तिथं जवळच एका गावात जैन मुनिमहाराजांचा मुक्काम होता. नकळत घडलं, म्हणून त्यांनी बाळाबाईंना जप आणि थोडे उपास एवढंच प्रायश्चित्त दिलं. वयाकडे बघून उपासही सोडायला सांगितले. पण बाळाबाईंचं जेवण पुन्हा सुटलं. आता तोंडाला काय लावायचं, हा प्रश्नच उरला नव्हता; त्या तोंडच उघडेनात.

इकडे अरुणाच्या शेवया बंद पडल्या. कुणी भांडायला आलं नाही. एकेक घर फक्त म्हणालं, "यंदा नको." शंका आली की जिभेवर काही चढत नाही, माणसांना दोष तरी काय द्यायचा. मी तिच्याकडून सांडगे घेत राहिले, पण आमचं घर लिंगायतांचं. आमच्या घेण्यानं तिची अब्रू परत येणार नव्हती.

फाल्गुनात ती रुकडीला गेली, मला बरोबर घेऊन. आक्कानं दारातच अडवलं. आतून बाळाबाईंचा आवाज आला, "येऊ दे तिला."

खाटेवर माणूस नव्हतंच, कापडाची घडी होती. अरुणा जमिनीवर बसली. तिनं ताकातली मऊ भाताची पेज करून आणली होती, डबा तिनं उघडला नाही.

"तू मला जगवलीस," बाळाबाई म्हणाल्या. "त्ये मी इसरले न्हाय. पर मला इचारायचं हुतंस."

"इचारलं असतं तर खाल्लं असतंसा?"

"न्हाय."

"मग मी काय करू, आत्ती? तुमास्नी मरू देऊ?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझं मी मेले असते. स्वच्छ मेले असते."

अरुणानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाळाबाईंनी पाय ओढून घेतले नाहीत. पण हातही डोक्यावर ठेवला नाही. मग आक्का आत येऊन उभी राहिली आणि आम्ही उठलो. तो डबा अरुणानं परतीच्या वाटेत एका कुत्र्यापुढे पालथा केला.

आठ दिवसांनी बाळाबाई गेल्याचा निरोप आला. अरुणा अंत्यविधीला गेली, लांब उभी राहिली आणि आली.

त्या खोल्या तिनं सोडल्या. भावानं पुन्हा बोलावलं, तिथंही ती गेली नाही. इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्याकडे ती सुताच्या कांड्या भरायला लागली. दोन हजार आठच्या सुमारास मी तिला भेटायला गेले. शेडमध्ये मागांचा एवढा खडखडाट, की कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलता येईना. केस पिकले होते, बोटांना सुतानं काचे पडले होते. आम्ही बाहेर कट्ट्यावर येऊन बसलो.

"हितं बरं हाय," ती म्हणाली. "कुनाला काय रांधून घालावं लागत न्हाय."

मी न राहवून विचारलं, "पुन्हा तसंच झालं तर, अरुणा?"

तिनं पदरावरचा कापूस निपटला.

"आत्ती म्हनत हुत्या त्ये बरोबर हुतं," ती म्हणाली. "पर त्यांचं तोंड उघडं बगितलंवतं मी. घास मागत हुत्या. त्ये बगून मी घातलंच असतं. बरोबर असूनबी घातलंच असतं."

आतून मुकादमानं हाक मारली. ती उठली आणि पदर खोचत आत गेली.