आतून थंड लझान्या

बेसिलचं पान चुरगळलं की मला बायपासवरचं ते काचेचं इटालियन रेस्टॉरंट आठवतं. आईचा वाढदिवस होता म्हणून आई, बाबा आणि मी आमच्या कोन गावाहून नटूनथटून तिथे गेलो होतो. आत मंद दिवे होते आणि एसीचा इतका गारठा की आईने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. मेन्यू इंग्रजीत, म्हणून निवड माझी: पास्ता आणि चीजचे थर लावून भाजलेला लझान्या. तो आला बेसिलची पानं पेरलेला, वरून सोनेरी, आतून फ्रिजमधून काढल्यासारखा थंडगार. पण आमच्या घरात पानातल्या अन्नाला नावं ठेवत नाहीत. आई घास गिळत म्हणाली, "चांगला हाय." बाबा पुटपुटले, "पोरीला इंग्लिश मीडियमला घातली ती काय गप बसायला?" एरवी मी दुकानदारालाही दोनदा विचारत नाही, पण आईचा तो घास मला बघवेना. मी वेटरला बोलावलं. तो हसून म्हणाला, "मॅम, हा असाच सर्व्ह करतात." मी आईची प्लेट त्याच्यापुढे सरकवली. "मधोमध बोट लावून बघा." त्याने बोट लावलं आणि तिन्ही प्लेटी उचलल्या. दुसरा लझान्या वाफाळत आला. आईने घास घेतला, सावकाश चावला आणि जाहीर केलं, "आता गरम हाय, पण चव न्हायच." तिने अन्नाला नावं ठेवलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांना हसता हसता ठसका लागला. हल्ली हॉटेलात काही बिघडलेलं आलं, की आई प्लेट माझ्याकडे सरकवते आणि ऐटीत म्हणते, "बोल."