पहिला सॅल्यूट कोणाला

सात महिने झाले, दुर्गाबाई आपल्या थोरल्या जावेवर, पार्बताबाईवर, जळून राहिली होती. अंकुर पोरगा दुर्गाबाईचा. पण भरतीच्या तयारीत त्याला पहाटे उठवून सडकेवर पळवलं ते या जाऊबाईनं. मोबाइलवर वेळ लावायची, वरून भिजवलेले हरभरे हातावर ठेवायची. दुर्गाबाईला तेव्हा झोप प्यारी होती. अन् आता ट्रेनिंगमधून रविवारी फोन आला, की पोराचा दुसरा प्रश्न ठरलेला, "मोठीआई कशी हाय?" घ्या! पोटात नऊ महिने वागवला कोणी?

ट्रेनिंग संपलं. वीस दिवसांची सुट्टी, मग थेट सरहद्दीकडं नेमणूक. आमच्याकडं आता रीतच पडली आहे. नवा जवान वर्दीत येतो, आईला कडक सॅल्यूट ठोकतो, आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, अन् तो व्हिडिओ गावभर फिरतो. दुर्गाबाईला धास्ती एकच, पोरगं उतरलं अन् सरळ जावेकडं गेलं तर? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

म्हणून तिनं चक्क थाप मारली. "बाई, अंकुर उद्या सांजच्या गाडीनं येऊन रायला."

"बरं मंग, मी सांजेले तयार रायतो," पार्बताबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुर्गाबाईनं नवऱ्याला, चंद्रभानला, अन् शेजारच्या आरतीला ऑटोत कोंबून अकोल्याचं स्टेशन गाठलं.

अंकुर उतरला. काळवंडलेला, बारीक झालेला, चालही निराळी. त्यानं टाचा जुळवल्या, सॅल्यूट ठोकला अन् टोपी दुर्गाबाईच्या डोक्यावर ठेवली. आरतीनं व्हिडिओ काढला. दुर्गाबाई ढसाढसा रडली, खरं सांगायचं तर निम्मी मायेनं अन् निम्मी जिंकल्याच्या मस्तीत.

परतताना ऑटोत तिला राहवेना. "तुही मोठीआई नाही आली. तिले गाडीचा टाइम नसंन समजला."

"समजला होता ना. परवाच मी फोन केला होता तिले," अंकुर म्हणाला. "म्या म्हटलं, तू बी ये, पयला सॅल्यूट तुलेच मारतो. थे म्हणे, येडा हायेस काय? तुह्या मायचा सारा जीव त्यात अडकला हाय. मी आली तं तिले धड रडताही येनार नाही."

चंद्रभान उगाच खोकला. दुर्गाबाईला लाज वाटली, पण लाजेपेक्षा चीड जास्त आली. मान द्यायचा तर तोही या बाईनं द्यायचा!

ऑटो घरापुढं थांबला. पार्बताबाई भाकर-तुकड्याचं ताट घेऊन लगबगीनं बाहेर आली. तिनं पोरावरून तुकडा ओवाळून टाकला, त्याच्या गालावरून हात फिरवला, मग आरतीच्या देखत मोठ्यानं विचारलं, "अवं दुर्गा, सकायच्याच गाडीनं आला का हा? मले वाटलं सांजेले येते."

"हो बाई. ऐन टायमाले बदललं त्याचं," दुर्गाबाई कशीबशी म्हणाली.

"होते असं," जाऊबाई म्हणाली अन् पाणी आणायला आत गेली.

या बाईनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दुर्गाबाईला वाटलं.