मल्लिनाथचा शेरा

पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, भवानी पेठेतल्या ट्रान्सपोर्टच्या कचेरीत मल्लिनाथला हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. वय बावन्न. तो माझा आतेभाऊ. आई-वडील लवकर गेल्याने नवव्या वर्षी आमच्या घरी आला आणि माझ्याच ताटात जेवू लागला. माझे वडील, अण्णा, ट्रकचालक. त्याच कचेरीत माल-बुकिंगच्या खुर्चीवर मी बसावं अशी त्यांची इच्छा होती. मी वर्तमानपत्रात गेलो. खुर्ची मल्लिनाथला मिळाली.

ट्रकसोबत जाणारा मालाचा कागद म्हणजे बिल्टी. ती मल्लिनाथ लिहायचा. आकडा लिहिण्याआधी कापडाच्या प्रत्येक गाठीवर तळहात ठेवायचा आणि दिसेल ते शेऱ्यात उतरवायचा. गाठ फाटकी, शिवण उसवलेली. व्यापाऱ्यांना कोरी, बिनशेऱ्याची बिल्टी हवी असे; मग नुकसान चालकावर ढकलता येई. तो देत नसे. अण्णा त्याच्या हातच्या बिल्टीशिवाय गाडी काढत नसत. माझी बातमी त्यांनी कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांची एक प्रेसनोट माझ्या टेबलावर आली. चालकाने ताडपत्री न टाकल्याने टॉवेलच्या दोन गाठी भिजल्या, असा मजकूर होता. चालकाचं नाव नव्हतं. व्यापाऱ्याला फोन करून मी चार ओळी छापल्या. चालक अण्णा होते. त्याच दिवशी मालकाने त्यांना गाडीवरून उतरवलं.

संध्याकाळी मल्लिनाथ त्या मालाच्या बिल्टीची प्रत घेऊन माझ्या कार्यालयात आला. शेरा होता : ‘दोन गाठी भरतानाच ओल्या. हात लावून पाहिले.’ खाली व्यापाऱ्याच्या माणसाची सही.

“का बे दादा, डायवरला इचारलं न्हाईस?”

“प्रेसनोट आली होती.”

“प्रेसनोट म्हंजे कोरी बिल्टीच की.”

खुलासा मी छापला. तिसऱ्या दिवशी अण्णा गाडीवर परतले. बिल्टीची ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी वरच्या खिशात ठेवली. खुलाशाचं कात्रण मी घरी नेलं होतं... ते कोणी मागितलं नाही.

त्यानंतर मी मल्लिनाथची चूक शोधू लागलो. एका दिवाळीत कचेरीत बसून त्याची जुनी बिल्टीपुस्तकं चाळली. तीन दिवसांत एक सापडली. शुक्रवारच्या जागी शनिवार. जेवताना सांगितली. मल्लिनाथ म्हणाला, “चुकलं की.” अण्णांनी भाकरी मोडली. “गाठी बरोबर भरल्या न्हवं?”

अलीकडे बिल्टी संगणकावर निघायची. शेरा मात्र तो पेनानेच लिहायचा. गेला त्या सकाळचीही एक आहे, तेवीस गाठींची. ती मी दोनदा तपासली. चूक नाही.

त्या रात्री निधनवार्ता मीच लिहिली. अण्णांना आता नीट दिसत नाही. वाचून दाखव म्हणाले. पश्चात पत्नी, मुलगी, मामा, मामेभाऊ...

“मामा खोड.”

“मग काय लिहू?”

“बाप लिही.”

“कागदावर तसं नाही, अण्णा.”

“कागद कशाला बघतूस? मी हितं बसलोय. मला इचार की.”

मी विचारलं. त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर वार्ता आली. शेवटची ओळ अशी : त्यांच्या पश्चात वडील, भाऊ, पत्नी व मुलगी असा परिवार आहे.