आबांना सांगू नका

जळगावची आमची छोटी कंपनी ठिबकच्या पंपांसाठी कंट्रोलर बनवते. त्या डब्यावर पाण्याचा दाब दिसतो आणि दाब फार वाढला की पंप बंद होतो. आतला, सी भाषेतला कोड माझा. तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायची सोय, बंद ठेवली की आकडा बरोबर, पण डबा गोगलगाय. चालू केली की डबा चपळ, पण दाब कायम शून्य.

सर म्हणाले, "बंद ठेवूनच धुळ्याला दाखवून ये. तिथल्या पंपांच्या दुकानाच्या मालकांना, आबांना, पसंत पडला तर ऑर्डर, नाहीतर हा डबा गुंडाळू."

धुळ्याच्या दुकानात आबा दिसेनात. गल्ल्यावर एक वयस्कर गृहस्थ होते, नोकर त्यांना भाऊ म्हणत होते. अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नाही. पण भाऊंनी चहा मागवला, बिस्किटांचा पुडा पुढे सरकवला, आणि माझी जीभ सैल सुटली.

"काय वं ताई, डबा चालस ना?"

"चालतो, पण हळू. वेग वाढवला की दाब चुकतो. का, ते मलाच कळलेलं नाही. प्लीज, आबांना सांगू नका."

भाऊ गंभीर झाले. "आबाले मी काय सांगू?"

इतक्यात मागच्या घरातून सूनबाई आल्या. "आबा, जेवायला चला."

भाऊ उठले.

मी हातातलं बिस्कीट परत पुड्यात ठेवलं. जाता जाता ते म्हणाले, "घाबरू नको. आबानी काहीच ऐकं नही. येता सोमवारले चपळवाला डबा लई ये."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्या शाळेत मोठी माणसं दोनच प्रकारची होती, सर आणि अंकल. घरातले आबाच दुकानात भाऊ असू शकतात, हे मला सुचलंच नव्हतं. नाती वेगळी म्हणजे माणसं वेगळी, असं मी धरून चालले होते.

एरंडोलला मी ताडकन उठले. कंडक्टर म्हणाला, "उतरायचंय?"

उतरायचं नव्हतं. कंपायलरही हेच धरून चालला होता! मेमरीतल्या एकाच जागेकडे बोट दाखवणारे माझे दोन पॉइंटर होते, एक इंटचा म्हणजे पूर्णांकाचा, एक फ्लोटचा म्हणजे दशांशाचा. प्रकार वेगळे म्हणजे जागा वेगळ्या, असं समजून तो इंटमार्फत आलेला नवा दाब फ्लोटला कळवतच नव्हता. जुन्या शून्यावरच भागवत होता. ऑप्टिमायझेशन बंद असलं की बिचारा दर वेळी जागेवर जाऊन बघायचा.

जळगावला पोहोचताच मी तो फ्लोटचा पॉइंटर काढला आणि त्या जागेतले बाइट सरळ कॉपी करून घेतले.

सोमवारी धुळ्याच्या दुकानात डबा चपळ चालला, आकडाही बरोबर आला. ऑर्डरवर सही करताना ते म्हणाले, "आते आबाले सांगू का?"

"सांगा," मी म्हटलं. "आणि भाऊंनाही."