माझा फिर्यादी

नागपूरच्या कोर्टात वकील होते, आरोपी होते, खोटे साक्षीदार तर मावत नव्हते. पण काही काम नसताना रोज येणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच झाला आणि तो माझ्या वाट्याला आला. मी दारावरचा शिपाई. शाळा चौथीतच सुटली, पण माझा पुकारा सीताबर्डीपर्यंत जायचा, हे वकीलही कबूल करत. हा गडी हुडकेश्वरहून सायकल हाणत माझ्याआधी दारात. अंगात इस्त्रीचा कोट. साहेब आले की सगळ्यांत आधी हाच उभा. वाटणीच्या दाव्यात दोन्हीकडून रडायचा. मे महिन्याच्या सुटीत कुलपासमोर डबा खात बसलेला मी त्याला पाहिला आहे. "घरी जा ना गा," म्हटलं तर म्हणे, "घरी कोण हाय? इथं निदान उलटतपासणी तरी ऐकाले भेटते."

एकदा मी एका आरोपीला तीन हाका मारल्या. कोणी ओ देईना. हा उठून म्हणाला, "हजर!" साहेब भडकले. तर यांचा खुलासा, "हा एवढा बोंबलून राहिला होता, कोणी बोलेच ना. वाईट वाटलं, साहेब." मला हुकूम झाला, हा पुन्हा आत दिसता कामा नये. मी हुकमाचा पक्का. दुसऱ्या दिवशी कॉलर धरून बाहेर काढला. "काहून गा? कोर्ट तुह्या बापाचं हाय?" "ज्याची केस, तोच आत." "असं? मंग पाह्य!"

आणि पठ्ठ्यानं माझ्यावरच मारहाणीची फिर्याद ठोकली.

ती उभी राहीपर्यंत साहेब बदलले होते. नव्या साहेबांपुढे मी आधी त्याचं नाव पुकारायचो, मग स्वतःचं, आणि धावत जाऊन पिंजऱ्यात उभा राहायचो. वकिलांची हसून पुरेवाट. माफी माग, मिटव, म्हणाले सगळे. माफी आणि मी? त्यालाही ती नको होती. दर वेळी काहीतरी निमित्त काढून केस पुढे ढकलायचा, मग बाहेर चहा पाजून मलाच शिकवायचा, "पुढच्या खेपेले जरा गुर्मीत उभा राय. आरोपी वाटत नाहीस तू." अशी वर्षं गेली. माझ्याही घरी तोवर कोणी उरलं नव्हतं. तारीख जवळ आली की मी वर्दी धोब्याकडून कडक करून आणायचो.

एका तारखेला सकाळी त्याला खांदा देऊन मी तसाच कोर्टात आलो. नेहमीसारखं आधी त्याचं नाव पुकारलं, मग माझं, आणि पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो. साहेबांनी फाईल उघडली. "फिर्यादी गैरहजर. केस निकालात काढतो. सुटलास तू."

मी पिंजऱ्यातून हाललो नाही.

"साहेब, तारीख द्या."

"अरे, फायदा तुझाच आहे ना?"

"असू द्या," म्हटलं. "तारीख द्या."